शनिवार-रविवार नाटकाचे, मधले दिवस नात्यांचे : खान्देशातून मोटारीने निघणाऱ्या निवृत्त जोडप्यासाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला राहणाऱ्या निवृत्त जोडप्याची मुले, लेकी, भाचरे आणि व्याही आज बहुधा नाशिक, ठाणे, डोंबिवली आणि पुणे या पट्ट्यात विखुरलेले असतात. ज्या व्यावसायिक नाटकांची आपण वाट पाहतो, त्यांचे बहुतेक प्रयोगही याच शहरांत होतात. आपल्याकडे दौरा येतो तेव्हा जळगावचे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह किंवा धुळ्याचे राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर भरून जाते, पण दौरे मोजकेच असतात आणि मनातले नाटक आपल्या गावी येईलच याचा भरवसा नसतो. म्हणून नातेवाइकांच्या भेटी आणि नाटके यांची एकाच फेरीत सांगड घालणे सोयीचे ठरते. आम्ही उभयता निवृत्तीनंतर असा प्रवास करतो. त्यातून जी पद्धत बसली आहे, ती साठी ओलांडलेल्या, स्वतःची मोटार चालवणाऱ्या आणि गुडघे, रक्तदाब, चष्मा यांचे भान ठेवून फिरू इच्छिणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडली आहे.

आधी आठवडे ठरवा, नाटक नंतर

बहुतेक जण आधी नातेवाइकांना तारखा कळवतात आणि तिथे पोहोचल्यावर वर्तमानपत्रात नाटक शोधतात. तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात, किंवा हवा तो प्रयोग आदल्याच दिवशी होऊन गेलेला असतो. याउलट दोन महिने आधी एखादे नाटक पक्के करून त्याभोवती प्रवास आखायचा म्हटले, तर तेही जमत नाही, कारण निर्माते प्रयोगांचे वेळापत्रक साधारण आठवडा-पंधरा दिवस आधीच जाहीर करतात. यावर एकच उपाय आहे. कोणता शनिवार-रविवार कोणत्या शहरात काढायचा, एवढेच दीड-दोन महिने आधी ठरवावे आणि त्या शहरात कोणते नाटक पाहायचे, हे प्रयोग जाहीर झाल्यावर ठरवावे. प्रयोगांची गर्दी शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी असते. त्यामुळे गाडी चालवण्याचे दिवस सोमवार ते शुक्रवार दुपार या काळात टाकले की रस्त्यावरची सुटीची गर्दी टळते आणि नाट्यगृहात आपण ताजेतवाने पोहोचतो.

यात एक अडचण उघड आहे. नोकरी करणारा मुलगा आणि सून यांनाही शनिवार-रविवारीच सवड असते. दोन्ही दिवस आपण नाट्यगृहात काढले, तर ज्यांना भेटायला एवढ्या लांब आलो त्यांच्याशी धड बोलणेही होत नाही. म्हणून एका दिवशी एकच प्रयोग आणि एका शनिवार-रविवारमध्ये शक्यतो एकच नाटक, हा नियम आम्ही पाळतो. शनिवारी दुपारचा किंवा संध्याकाळचा प्रयोग पाहिला की रविवार पूर्णपणे घरच्यांचा असतो. त्याहून उत्तम म्हणजे त्यांनाच नाटकाला न्यावे. "शनिवारी चारचा प्रयोग आहे, तुम्ही दोघं येताय का? तिकिटं आम्ही काढतो," असा फोन आठ दिवस आधी केला तर बहुधा होकार येतो, आणि आपण पाहुणे म्हणून येत आहोत हे ओझे त्यांच्या मनावरून बरेचसे उतरते. नातवंडे लहान असतील तर दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत बालनाट्यांचे प्रयोग लागतात. त्यातला एक प्रयोग आजी-आजोबांनी नातवंडांसाठी राखून ठेवावा.

ऋतू

जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे येथल्या माणसाला सांगायला नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तो सण आपल्या अंगणातच साजरा व्हावा आणि प्रवास त्या काळात काढूच नये. पावसाळ्यात कसारा घाटात धुके आणि पाऊस असतो. कन्नडच्या घाटात, म्हणजे औट्रम घाटात, ऑगस्ट २०२१ अखेरच्या अतिवृष्टीत दरडी कोसळून वाहतूक बरेच दिवस बंद राहिली होती. श्रावणात खान्देशातल्या कानबाई देवीचे रोट (तिचा सण) असतात आणि घराबाहेर पडणे अनेकांना रुचत नाही. दसऱ्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला असतो. त्यातही दिवाळीचे चार दिवस आणि लग्नाच्या दाट तिथी वगळाव्यात. मुलांच्या घरी परीक्षा असतील तर तो आठवडाही सोडावा.

मार्ग आणि टप्पे

जळगावहून निघून जळगावला परतणारी एक फेरी उदाहरणादाखल घेऊ. जळगाव ते धुळे साधारण ९५ किलोमीटर, धुळे ते नाशिक १६०, नाशिक ते ठाणे १४५ ते १५०, ठाणे ते पुणे जवळपास तितकेच, पुणे ते छत्रपती संभाजीनगर २३५ ते २४० आणि तेथून अजिंठ्यावरून जळगाव १६०. सगळे मिळून साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते. गुरुवारी निघून धुळ्याला भावाकडे मुक्काम करावा आणि शुक्रवारी दुपारपर्यंत नाशिक गाठावे. पहिला शनिवार-रविवार नाशिकचा, दुसरा ठाणे-डोंबिवलीचा, तिसरा पुण्याचा. तिसऱ्या रविवारनंतर मंगळवारी संभाजीनगर आणि बुधवारी घर, असा बरोबर तीन आठवड्यांचा प्रवास होतो. ज्यांना एवढे दिवस घर सोडता येत नाही, त्यांनी नाशिक आणि ठाणे एवढेच दहा-बारा दिवसांत करावे आणि पुणे पुढच्या वेळेसाठी ठेवावे. तिन्ही शहरे एका आठवड्यात कोंबण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

धुळ्यापर्यंतचा रस्ता पाळधी, एरंडोल, पारोळा असा सरळ आणि सपाट आहे. पहिल्या दिवशी एवढाच टप्पा ठेवावा असे मी मुद्दाम म्हणतो. निघण्याच्या दिवशी घराची आवराआवर, कुलपे, औषधे यांत सकाळ जाते आणि माणूस निघतानाच थकलेला असतो. धुळ्यापुढे लळिंग, मालेगाव, राहुड घाट, चांदवड आणि पिंपळगाव बसवंत या मार्गाने नाशिकला जाताना मोठ्या मालमोटारी सतत बरोबर असतात. राहुड घाटात डावी मार्गिका सोडून पुढे जाण्याची घाई करू नये. चांदवड हा थांबण्यासाठी योग्य टप्पा आहे.

नाशिकहून ठाण्याकडे जाताना कसारा घाट टाळायचा असेल, तर इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गावर चढता येते. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर पूर्ण झाला. याच टप्प्यात सुमारे ८ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. रस्ता उत्तम आहे, पण सपाट भागात वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे म्हणून तेवढ्या वेगाने जायलाच हवे असे नाही. आपण डाव्या मार्गिकेतून ८० ते ९० च्या वेगाने जावे आणि मागून येणाऱ्यांना वाट द्यावी. महामार्गावर चढण्यापूर्वीच इंधन, पाणी आणि स्वच्छतागृह ही तिन्ही कामे उरकून घ्यावीत. आमणेनंतर भिवंडीच्या आसपास वाहतूक तुंबते, म्हणून तेथून सकाळी दहानंतर आणि दुपारी चारच्या आत बाहेर पडता येईल असा हिशेब ठेवावा.

पुणे ते संभाजीनगर हा सर्वांत लांब टप्पा शेवटी येतो, याचा विचार आधीच करून ठेवावा. अहिल्यानगर, नेवासे या पट्ट्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते आणि अंधारात ती ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. हा टप्पा सूर्यास्ताच्या दोन तास आधी संपवावा. शेवटच्या दिवशी सिल्लोडवरून अजिंठ्याचा घाट उतरायचा असतो. घाट छोटा असला तरी घर जवळ आले की पाय वेगवर्धकावर आपोआप जड होतो, म्हणून फर्दापूरला दहा मिनिटे थांबावे.

चाळीसगाव-भडगावच्या लोकांना कन्नड घाटातून संभाजीनगर जवळ पडते. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ पासून तेथून जड वाहतूक वळवली आहे, त्यामुळे मोटारींसाठी तो घाट पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. नंदुरबार-नवापूरकडच्या मंडळींची बरीच नातीगोती सुरतेला असतात. त्यांनी सुरतेची भेट वेगळी ठेवावी, नाटकाच्या फेरीत मिसळू नये, कारण दिशाच उलट आहे.

शहरात न शिरता नाटक

मोटार घेऊन दादरला किंवा पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर जाण्याची गरज फार क्वचित असते. ठाण्याच्या बाजूने येणाऱ्याला तलावपाळीचे गडकरी रंगायतन, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह ही चार नाट्यगृहे मुंबईत न शिरता मिळतात. मुंबईत गाजत असलेले नाटक या चारपैकी एखाद्या ठिकाणी बहुतेक वेळा लागतेच. पुण्याकडे द्रुतगती मार्गाने येताना चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह शहराच्या अलीकडे आहे. मुलगी निगडीला किंवा वाकडला राहत असेल, तर कोथरूडपर्यंत जाण्यापेक्षा तेथलाच प्रयोग निवडावा.

तरीही दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात एकदा तरी बसावे असे प्रत्येक नाटकवेड्याला वाटते, आणि ती इच्छा रास्तच आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून उभे आहे. ज्यांचे नाव त्याला दिले, त्या नारायणराव राजहंसांचे बालपणीचे काही दिवस आपल्या जळगावात गाणे शिकण्यात गेले, हे खान्देशातल्या माणसाला तेथे बसल्यावर आठवतेच. अशा वेळी मोटार मुलाच्या इमारतीखाली ठेवावी. शिवाजी मंदिर दादर स्थानकाच्या पश्चिमेला पायी जाण्याजोगे आहे, पण शनिवारी संध्याकाळी त्या गर्दीत चालण्यापेक्षा टॅक्सी करावी. बालगंधर्वजवळ पुणे मेट्रोचे छत्रपती संभाजी उद्यान स्थानक आहे आणि स्थानकात सरकते जिने व उद्वाहक (लिफ्ट) दोन्ही आहेत. मुंबईत मोटारीने जावेच लागले, तर ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

नाशिकला महाकवी कालिदास कलामंदिर शहराच्या मध्यभागी आहे. तेथेही रिक्षाने जाणे बरे. संभाजीनगरला संत एकनाथ रंगमंदिरात प्रयोग असला तर मुक्काम एक दिवसाने वाढवावा. नाट्यगृहे दुरुस्तीसाठी अनेकदा महिनोन्महिने बंद असतात, म्हणून तेथे प्रयोग लागलेला दिसल्याशिवाय त्या नाट्यगृहाभोवती काहीही आखू नये.

तिकीट आणि जागा

प्रयोगांच्या जाहिराती मुंबई आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांत येतात, आपल्या जळगाव-धुळ्याच्या आवृत्तीत त्या बहुतेक नसतात. मुंबई आवृत्तीचा ई-पेपर फोनवर पाहावा किंवा मुलाला शुक्रवार-शनिवारच्या पानाचे छायाचित्र पाठवायला सांगावे. तिकिटालय आणि बुकमायशो या दोन्ही अॅपवर नाटक शोधता येते. शिवाय निर्मितीसंस्था आणि कलाकार आपापल्या फेसबुक पानावर पुढच्या प्रयोगांची यादी टाकतात. नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅन, म्हणजे जागांचा तक्ता, प्रयोगाच्या काही दिवस आधी लागतो. त्या गावात राहणारे नातेवाईक खिडकीवर जाऊ शकत असतील तर तेही चालते, पण जागा आपण निवडून सांगाव्यात.

जागेच्या बाबतीत मी आग्रही आहे, कारण अडीच तास चुकीच्या जागी बसले तर चांगले नाटकही अंगदुखीसाठीच लक्षात राहते. पहिल्या दोन रांगांत मान वर करून पाहावे लागते. बाल्कनीला जिने असतात आणि मध्यंतरात उतरून परत चढणे गुडघ्यांना झेपत नाही. तळमजल्यावर मागच्या ज्या रांगा बाल्कनीच्या छताखाली येतात, तेथे आवाज दबून येतो. ऐकू कमी येत असेल तर त्या रांगा अजिबात घेऊ नयेत. चौथी ते दहावी रांग, मधला भाग आणि वाटेकडेची खुर्ची, ही आमची पसंती आहे. एक कान दुसऱ्यापेक्षा चांगला असेल तर तो कान रंगमंचाच्या मध्याकडे येईल अशा बाजूला बसावे. श्रवणयंत्राची बॅटरी निघण्यापूर्वी बदलावी.

वाटेची बाजूही पाहावी लागते. माझ्या पत्नीचा उजवा गुडघा फार वेळ वाकवून ठेवता येत नाही, म्हणून वाट तिच्या उजव्या हाताला हवी, म्हणजे तो पाय मधूनमधून सरळ करता येतो. अॅपवर जागांचा नकाशा येतो तेव्हा रंगमंच बऱ्याचदा पडद्याच्या खालच्या बाजूला दाखवलेला असतो आणि त्यामुळे डावे-उजवे उलटे होते. नकाशात डावीकडे दिसणारी वाट बसल्यावर उजव्या हाताला येते. गोंधळ होऊ नये म्हणून फोन टेबलावर सपाट ठेवावा आणि रंगमंच आपल्या समोर पलीकडे येईल अशा बाजूला स्वतः जाऊन बसावे. मग जी वाट उजवीकडे दिसते, तीच खरी उजवी.

तिकिटांचे दर साधारण तीनशे ते पाचशे रुपयांच्या घरात असतात, नामवंत कलाकारांच्या नाटकांना त्याहून जास्तही पडतात. पहिल्या रांगांचे महाग तिकीट काढण्याचे कारण नाही. तिकिटाचा संदेश उघडून त्याचे छायाचित्र दोघांच्याही फोनवर ठेवावे, कारण नाट्यगृहाच्या दारात नेटवर्क मिळतेच असे नाही.

प्रयोगाचा दिवस

प्रयोगाच्या दिवशी शहराबाहेरून गाडी चालवत येऊ नये. हा एक नियम पाळला तर बाकीचे पुष्कळ आपोआप सावरते. आदल्या रात्री शहरात पोहोचलेले असावे. दुपारचे जेवण बारापर्यंत हलके घ्यावे. चारच्या प्रयोगाला साडेतीनला पोहोचावे, म्हणजे स्वच्छतागृहाला जाऊन, पायऱ्या पाहून, शांतपणे जागेवर बसता येते. तिसरी घंटा झाल्यावर अंधारात जागा शोधणे पडण्याच्या दृष्टीने धोक्याचे असते आणि कलाकारांनाही त्याचा त्रास होतो. बहुतेक नाट्यगृहे वातानुकूलित आहेत. त्यामुळे शाल किंवा पातळ स्वेटर पिशवीत हवाच. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर प्रयोगाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे, आपल्या मनाने गोळी पुढे-मागे करू नये. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचे असते आणि महिलांच्या स्वच्छतागृहापुढे मोठी रांग लागते. पडदा पडताच लगेच उठावे, वडा आणि चहा नंतर.

रात्रीचा प्रयोग टाळावा. तो संपायला मध्यरात्र होते, रिक्षा मिळत नाही आणि घरचे जागत बसतात. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरच्या दिव्यांचा झगमगाट रात्री फार त्रास देतो, त्यामुळे नाटकानंतर स्वतः गाडी चालवत येण्याचा विचारही नको.

ज्यांच्याकडे उतरायचे त्यांच्यासाठी

एका घरी दोन ते चार रात्रींचा मुक्काम पुरेसा आहे. फोनवर फक्त येण्याची तारीख न सांगता जाण्याची तारीखही सांगावी, म्हणजे यजमानांना पुढचे ठरवता येते. तीन गोष्टी आधीच विचाराव्यात: इमारतीला लिफ्ट आहे का, पाहुण्यांची मोटार सोसायटीत रात्री ठेवता येते का, आणि कमोड आहे का. यात संकोच करू नये. प्रयोग कधी आणि कुठे आहे, त्या दिवशी रात्री जेवायला किती वाजता येऊ, हेही सांगून टाकावे.

लेकीकडे राहण्याचा संकोच आपल्याकडच्या जुन्या पिढीत अजून आहे. जावयाच्या घरचे पाणीही पिऊ नये असे मानणारी माणसे मी पाहिली आहेत. माझे मत स्पष्ट आहे. लेकीच्या घरी चार दिवस राहणे हा तिचाही हक्क आहे, तिने तो मागावा लागू नये. विहीणबाई त्याच घरी असतील तर त्यांनाही नाटकाला चलण्याचे आमंत्रण पहिल्यांदा द्यावे. शेजारी बसून एक नाटक पाहिल्यावर जी मोकळीक येते, ती मानपानाच्या दहा भेटींत येत नाही.

सोबत काय न्यावे, याला खान्देशी माणसाकडे उत्तर तयार असते. हिवाळ्यात भरिताची वांगी न्यावीत, पण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत. घाम सुटून ती काळी पडतात. गोणपाटाच्या पिशवीत किंवा टोपलीत सुटी ठेवून मागच्या सीटखाली ठेवली की नाशिक-ठाण्यापर्यंत चांगली राहतात, पुण्यासाठी मात्र तिसऱ्या आठवड्यात काही उरत नाही. पुण्यासाठी बिबड्या (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, केळीचे वेफर्स आणि दादर ज्वारीचे पीठ ठेवावे. दादरच्या भाकरीची चव शहरात मिळत नाही आणि तिच्यासाठी मुले वाट पाहत असतात. पीठ मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी दळलेले असावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावे. पिकलेली केळी उन्हात तापणाऱ्या डिकीत टाकू नयेत.

मोटार आणि कागद

निघण्याच्या पंधरा दिवस आधी मोटार मेकॅनिककडे दाखवावी, आदल्या दिवशी नव्हे, कारण एखादा भाग मागवावा लागला तर वेळ हवा. चारही टायर आणि स्टेपनीची हवा, ब्रेक, कूलंट, बॅटरी, वायपर आणि हेडलाइट पाहून घ्यावेत. निवृत्तांची मोटार कमी चालते, त्यामुळे टायरची नक्षी चांगली दिसते पण रबर जुने होऊन भेगा पडलेल्या असतात. कडेच्या भिंतीवर नखाने दाबून पाहावे आणि बारीक चिरा दिसल्या तर टायर बदलावेत.

चालक परवाना नीट वाचावा. पंचावन्न वर्षे पूर्ण झाल्यानंतर नूतनीकरण केलेला परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो आणि मुदत केव्हा संपली हे ध्यानात येत नाही. नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. विमा आणि पीयूसी यांच्या तारखाही याच वेळी पाहाव्यात आणि सर्व कागद डिजिलॉकरमध्ये ठेवावेत. फास्टॅगमध्ये निघतानाच पुरेशी रक्कम भरावी. राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पासची सोय सुरू झाली, तेव्हा तो ३,००० रुपयांना एक वर्ष किंवा २०० फेऱ्या असा होता. वर्षातून एकदाच फेरी काढणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, पण दर महिन्याला धुळे-नाशिक करणाऱ्याला तो परवडतो. समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांवर हा पास चालत नाही.

दोघांनाही गाडी चालवता येत असेल तर दर दीड-दोन तासांनी चालक बदलावा. एकालाच येत असेल तर दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वेळ चाकामागे बसू नये आणि दर दोन तासांनी दहा मिनिटे पायी चालावे, नाहीतर पायांवर सूज येते. पुणे-संभाजीनगरचा टप्पा जड वाटत असेल, तर त्या एका दिवसापुरता ओळखीचा चालक घ्यावा. ते पैसे वाया जात नाहीत.

औषधे

तीन आठवड्यांच्या फेरीला चार आठवड्यांची औषधे घ्यावीत, ती दोन वेगळ्या पिशव्यांत वाटून ठेवावीत आणि कोणतीही पिशवी डिकीत ठेवू नये. इन्सुलिन उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत राहू देऊ नये, थांबलो की ते आपल्याबरोबर उतरवावे. औषधांच्या चिठ्ठीची प्रत, शेवटचा ईसीजी आणि रक्तगट एका पाकिटात घालून ते पुढच्या कप्प्यात ठेवावे, आणि ते कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक असावे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वयवंदना कार्ड मिळते. ते नसेल तर निघण्यापूर्वी काढून घ्यावे. रस्त्यावर अडचण आल्यास राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावेत.

मोटार जमत नसेल तर

ही सगळी आखणी एसटीनेही करता येते. राज्यात ६५ ते ७५ वर्षे वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे आणि पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना कोणत्याही वयात निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली. एसटीने जाणाऱ्यांनी भेटवस्तूंचे ओझे कमी करावे आणि प्रत्येक शहरात एक दिवस अधिक ठेवावा.

घरचे नाट्यगृह

तारखा ठरवताना एक गोष्ट मुद्दाम पाहावी. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी विभागाची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होते आणि जळगाव हे तिचे केंद्र असते. तिकीट नाममात्र असते, ओळीने अनेक दिवस रोज एक नवे नाटक पाहायला मिळते, आणि आपल्याच गावांतले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, विद्यार्थी रंगमंचावर उभे असतात. ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनालाही येथे कार्यक्रम होतात. स्पर्धेचे वेळापत्रक लागले की ते आधी दिनदर्शिकेवर लिहावे आणि नाशिक-ठाण्याची फेरी त्याच्या आधी किंवा नंतर टाकावी. स्पर्धेच्या काळात पुण्याच्या मुलांनाच दोन दिवस जळगावला बोलवावे, संध्याकाळी नाटक दाखवावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेतात भरिताचा बेत करावा.